शब्दचर्चा: 'झेउगिताय'ला मराठीत काय म्हणायचं? औतवाला, जोडीवाला की नुसताच मध्यम शेतकरी?

शिळी भाकर:
मंडळी मदत हवीय. एका दिवाळी अंकासाठी प्राचीन अथेन्सवरचा लेख मराठीत करतेय, तिथला कायदे करणारा सोलोन, त्याच्या सुधारणा वगैरे, आणि इ.स.पू. ५९४ च्या सुमाराला त्याने नागरिकांचे जे चार वर्ग ठरवले तिथे गाडी चिखलात रुतलीय. पेंताकोसिओमेदिम्नॉय, हिप्पेइस, झेउगिताय आणि थेतेस. पहिल्या खर्ड्यात मी सरळ बडे शेतकरी, श्रीमंत शेतकरी, मध्यम शेतकरी, गरीब शेतकरी असं लिहून मोकळी झाले होते, तर संपादकांनी समासात पेन्सिलीने लिहून पाठवलं की बाई, ही रेशन कार्डं झाली, पांढरं केशरी पिवळं, यात माणूस कुठाय. राग आला पण खरंय ना त्यांचं.

हिशोब असा आहे की वर्षाला स्वतःच्या जमिनीतून ५०० मापं काढणारा पहिल्या वर्गात, ३०० वाला दुसऱ्या, २०० वाला तिसऱ्या, आणि खाली उरलेले सगळे थेतेस. माप म्हणजे मेदिम्नोस, जवळपास ५२ लिटरचं. धान्याचं सुकं माप आणि तेल-वाइनचं ओलं माप दोन्ही मिळून मोजायची (तेलाचं एक माप आणि जवाचं एक माप सारखंच धरायचं, हे कुणाला सुचलं देव जाणे, ऑलिव्हवाल्याने डोक्याला हात लावला असेल). पण गंमत नावांत आहे. पहिल्याचं नाव मापावरून, दुसऱ्याचं घोड्यावरून, तिसऱ्याचं म्हणे बैलजोडीवरून आणि चौथ्याचं मजुरीवरून. एका फूटपट्टीवर बसवलेले चार वर्ग आणि चौघांची नावं चार वेगळ्या गावची. मला असे चार मराठी शब्द हवेत की ऐकल्यावर माणूस डोळ्यापुढे यावा. झेउगितायपासून सुरुवात करू, कारण तिथेच जास्त अडलेय.

मात्रावृत्त:
हा तर घरचाच शब्द आहे ताई. ग्रीक झुगॉन म्हणजे जू. संस्कृत युग म्हणजेही मुळात जूच, चार युगं नंतरची. लॅटिन युगुम, इंग्रजी योक, सगळे एकाच मुळाचे. संस्कृत युगचं प्राकृतात जुअ झालं आणि मराठीत जू. म्हणजे अथेन्सचा झेउगितेस (एकवचन असं, अनेकवचन झेउगिताय) आणि आपल्या बैलाच्या मानेवरचं जू हे सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्की. झेउगोस म्हणजे एका जुवाला जुंपलेली जोडी. त्यामुळे शब्दशः जोडीवाला. बाकी तिघांतही ओळखीचे चेहरे आहेत, पेंते म्हणजे पंच, हिप्पोस आणि अश्व एकाच मुळाचे (ऐकून पटत नाही पण आहेत). थेस (थेतेसचं एकवचन) मात्र मला कुठेच लावता आला नाही, तिथे मी गप्प.

परभणीकर:
जोडीवाला म्हणलं की आमच्याकडं नवरा-बायको कपड्याच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. औत म्हणा की. आमच्या भागात जुनी माणसं जमीन किती हे एकरात विचारायचीच नाहीत, औतं किती ते विचारायची. एका औताचा माणूस म्हणलं की समोरच्याला सगळं कळायचं, रान किती, घरात खाणारी तोंडं किती, पोरगी द्यायची का नाही, सगळंच. दोन औतं म्हणलं की वाडा आलाच.

आता माझी शंका. माझ्या आजोबाकडं बैल एकच होता. दुसरा शेजारच्या घरचा. सावड. आज तुझ्या रानात उद्या माझ्या रानात. जू आमच्या घरचं, नांगर त्यांचा. ते जू अजून माळ्यावर पडलंय, एका बाजूची शिवळ (बैलाची मान अडकवायची खुंटी) नाही आणि आमचा बैल ज्या अंगाला चालायचा त्या अंगाला लाकूड जास्त झिजलेलं आहे, हात लावला तरी कळतं. मग आमचा आजोबा सोलोनच्या हिशोबात झेउगितेस का अर्धा झेउगितेस?

शिळी भाकर:
अर्धा झेउगितेस 😄 हे लेखात घालता आलं असतं तर! औतवाला आवडला. जवळपास फायनल करतेय.

गावठाण:
थांबा ताई, एवढ्या घाईने छापू नका. दोन अडचणी आहेत.

पहिली, नाव बैलांवरूनच आलं यावर सगळ्यांचं एकमत नाही. एक मत असं की हे जू शेतातलं नव्हे तर रणांगणातलं, म्हणजे ढालीला ढाल लावून रांगेत एकमेकांना जुंपल्यासारखे उभे राहणारे पायदळ सैनिक, हॉप्लाइट, त्यांच्यावरून हे नाव. मला व्यक्तिशः बैल जास्त पटतो, कारण वरचा वर्ग घोड्यावर असेल तर खालचा बैलावर असणं हे बोलीच्या अंगाने सरळ वाटतं, पण दुसरं मत आहे हे लक्षात असू द्या.

दुसरी अडचण मोठी आहे. २०० मापं म्हणजे किती हे नीट मोजलं की परभणीकरांचे आजोबा बाहेरच पडतात, अर्ध्याचं सोडा. एका मेदिम्नोसात ४८ खोयनिक्स, आणि एक खोयनिक्स म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं धान्य, असा तिथला ढोबळ हिशोब होता. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इराणी सम्राट झर्क्सिसच्या सैन्याचं खाणं मोजताना माणशी दिवसाला एक खोयनिक्सच धरतो. म्हणजे २०० गुणिले ४८ म्हणजे ९६०० दिवसांचं खाणं, वर्षाला भागा, २६ माणसं. सव्वीस माणसांचं वर्षभराचं धान्य ज्याच्या रानातून निघतं तो एका औताचा गरीब बिचारा शेतकरी कसा? आणि पाचशेवाला तर पासष्ट माणसं पोसेल. ग्रीसच्या त्या खडकाळ जमिनीत, एक वर्ष पीक आणि एक वर्ष पड अशी शेती धरून हे काढायला किती रान लागेल ते बघा. साध्या हॉप्लाइटची शेती ४० ते ६० प्लेथ्रॉन असावी असं बरेच अभ्यासक धरतात. एक प्लेथ्रॉन म्हणजे शंभर ग्रीक फूट बाय शंभर ग्रीक फूट, आपले नऊएक गुंठे, म्हणजे ही झाली नऊ ते तेरा एकर. तेवढ्यात २०० मापं बसवायची म्हणजे कसरतच आहे. त्यामुळे अलीकडे काही जण म्हणतात की झेउगिताय मध्यम नव्हतेच, चांगले गबर होते, आणि साधा कष्टकरी शेतकरी बहुतेक थेतेसमध्येच पडत होता. काही जण उलट म्हणतात की २०० हा आकडाच मागाहून कुणीतरी चिकटवलाय, मुळात ज्याच्याकडे जोडी तो झेउगितेस एवढंच असणार.

मला हे दुसरं खरं वाटतं. चारातल्या तीन वर्गांची नावं जर घोडा, बैल, मजुरी अशी आहेत तर ती नावं लोकांच्या तोंडात आधीपासून होती, आणि सोलोनने (किंवा आणखी कुणी) फक्त त्यांच्यापुढे आकडे लावले. पाचशेमापी हे एकच नाव कचेरीत बसून बनवल्यासारखं वाटतं. किती लांबलचक आहे बघा, असं नाव बोलण्यातून तयार होत नाही.

टाइमपास:
पाचशेमापी!! घ्या ताई, पहिल्या वर्गाचा प्रश्न सुटला. पंचहजारी मनसबदारासारखं वाटतं ऐकायला

गावठाण:
मी सहज लिहिलं होतं पण हो, चांगलाय. फक्त पंचहजारी हा दर्जा होता, पीक नव्हे, तेवढा फरक सोडा.

शिळी भाकर:
पाचशेमापी घेतला, उचलला, परत देणार नाही. हिप्पेइसला स्वार लिहू का? घोडेस्वार म्हटलं की नुसता सैनिक वाटतो, शेतकरी गायबच होतो.

मात्रावृत्त:
शिलेदार. आपल्याकडे स्वारांचे दोन प्रकार होतेच की, ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळायचा तो बारगीर आणि ज्याचा घोडा-हत्यार घरचं तो शिलेदार. हिप्पेइसचा मुद्दा तोच आहे, घोडा पाळायची ऐपत. ग्रीसमध्ये गवताची बोंब, बैल नांगराला तरी चालतो पण घोडा नुसता खाणार आणि मिरवणार, त्यामुळे दारात घोडा म्हणजे दारात फॉर्च्युनर. तरी माझ्याच शब्दावर माझीच हरकत नोंदवतो की शिलेदार मुळात सिलाहदार, म्हणजे हत्यारवाला, त्यात घोडा नाहीच, तो मागाहून आला. पण आज मराठी वाचकाला शिलेदार म्हटलं की स्वतःच्या घोड्यावरचा माणूस दिसतो, आणि तुम्हाला तेच हवंय.

गावठाण:
घोड्यावरून एक किस्सा. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेली अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरची जी पोथी आहे (शतकानुशतकं गायब होती, इजिप्तमधल्या पपायरसवर सापडली, १८९१ साली छापली गेली), तिच्यात हाच वाद आहे की हिप्पेइस ३०० मापांवरून ठरायचे का घोडा पाळण्याच्या ऐपतीवरून. घोड्याच्या बाजूने पुरावा म्हणून ॲक्रोपोलिसवरचा (अथेन्सच्या गडावरचा) एक पुतळा सांगितलाय. त्याच्यावर लेख असा की डिफिलोसचा मुलगा अँथेमिऑन याने थेतेसचा वर्ग सोडून हिप्पेइसचा वर्ग मिळवला म्हणून देवांना हे अर्पण केलं. आणि पुतळ्याशेजारी घोडा उभा आहे. हा माणूस मधली पायरी गाळून एकदम वर गेलेला दिसतो, काय धंदा केला असेल कल्पना करा, पण त्याने मूर्तीत धान्याची रास नाही घडवली, घोडा घडवला. ३०० मापं दगडात कशी दाखवणार?

परभणीकर:
आमच्याकडं पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा त्याच्यासंगं फोटो काढून घरात फ्रेम लावली होती एकाने. देवाच्या शेजारी. सेम.

शिळी भाकर:
हाहा. बरं आता थेतेस. शेतमजूर लिहिलं तर?

मात्रावृत्त:
शेतमजूर पुरा पडत नाही असं वाटतं, पण का ते नीट सांगता येत नाहीये.

गावठाण:
मी सांगतो. थेसचा जुना अर्थ बघायचा तर होमरकडे जावं लागेल. इलियडच्या एकविसाव्या सर्गात पोसायडन अपोलोला आठवण करून देतो की आपण दोघांनी लाओमेदोन राजाकडे ठरलेल्या मजुरीवर एक वर्ष थेस म्हणून काम केलं. पोसायडनने ट्रॉयचा तट बांधला, अपोलोने गुरं राखली, आणि साल भरल्यावर राजाने मजुरी तर बुडवलीच, वर हातपाय बांधून परदेशात विकीन, कान कापीन अशी धमकी दिली. देवांना! आता वर्षाच्या बोलीवर, ठरलेल्या मोबदल्यावर दुसऱ्याच्या घरी राबणारा याला मराठीत काय म्हणतात?

परभणीकर:
सालगडी. दुसरं काय.
पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्याला सुटतं. मधी सोडून गेला तर उचल फेडायची. देव असो का कुणी.

शिळी भाकर:
अंगावर काटा आला. सालगडीच.

गावठाण:
होमरपुरता सालगडीच, शंभर टक्के. ओडिसीत मेलेला अकिलीस म्हणतो ना की सगळ्या मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा स्वतःचं फारसं काही नसलेल्या एखाद्या माणसाकडे थेस होऊन राबलेलं परवडलं, तिथेही सालगडी फिट्ट बसतो, म्हणजे गुलामापेक्षा नव्हे तर सालगड्यापेक्षा खालचं त्याला काही सुचतच नाहीये, कारण गुलामाला निदान एक घर तरी असतं. पण सोलोनच्या यादीतला थेस हा निराळा प्राणी आहे. २०० मापांच्या खालचा प्रत्येक जण. त्यात सालगडी आला, रोजंदार आला, शहरातला चांभार-कुंभार आला, आणि चार-पाच एकरांचा स्वतः कसणारा, एक बैलवाला माणूसही आला. त्यामुळे नाव सालगड्याचं पण आत भरलेत निम्म्याहून जास्त गावचे लोक. म्हणूनच ते नाव घ्यायला कुणी तयार नसायचं. त्याच पोथीत एक वाक्य आहे, मला फार आवडतं. नियमाप्रमाणे थेतेसना पदाधिकारी होता येत नव्हतं, फक्त नागरिकांच्या सभेत आणि न्यायालयात बसता यायचं (इ.स.पू. ४५७ मध्ये सर्वोच्च पद झेउगितायपर्यंत खुलं झालं, पण थेतेसपर्यंत कागदोपत्री कधी आलंच नाही). पुढे नियम ढिला पडला पण प्रश्न तसाच राहिला. चिठ्ठी टाकून पद द्यायच्या वेळी उमेदवाराला विचारायचे, तुझा वर्ग कोणता? आणि पोथी म्हणते की आजसुद्धा थेस असं उत्तर एकही माणूस देणार नाही.

आणि हेच लोक सलामिसला, इराण्यांविरुद्धच्या समुद्री लढाईत, इ.स.पू. ४८० ला, वल्ही मारत होते. एका ट्रायरीमवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, १७० वल्हेकरी. शिलेदारांचे घोडे त्या दिवशी काही कामाचे नव्हते.

टाइमपास:
मध्येच एक फालतू ज्ञान. ग्रीकमध्ये साध्या शेतकऱ्याला गेओर्गोस म्हणतात, गे म्हणजे भूमी आणि एर्गॉन म्हणजे काम. जॉर्ज हे नाव तिथून आलंय. म्हणजे पाचवा जॉर्ज दिल्ली दरबारात सिंहासनावर बसला तो नावाने शेतकरी 😂 आपले कुणबी मात्र कुटुंबी वरून आले म्हणतात, म्हणजे घरदारवाला.

मात्रावृत्त:
फालतू नाहीये हो. गेओर्गोसमध्ये कसणाराही येतो आणि ज्याच्या रानात दुसरे कसतात तोही. स्वतः राबणाऱ्यासाठी वेगळा शब्द होता, औतुर्गोस. औतो म्हणजे स्वतः. आपल्या औताशी काहीएक संबंध नाही, कुणी व्हॉट्सॲपवर फिरवू नका प्लीज.

त्याहून मजेचा गेओमोरॉय. जमिनीचे वाटेकरी असा सरळ अर्थ. अथेन्सच्या जुन्या दंतकथेत थीसियस राजाने लोकांचे तीन गट केले, कुलीन, गेओमोरॉय आणि कारागीर, म्हणजे इथे गेओमोरॉय हे साधे शेतकरी. आणि सिसिलीत सिराक्यूजला हाच शब्द गामोरॉय म्हणून आला की तिथे तो गावाचा मालक, जमीनदार सरदार! पहिल्या वसाहतवाल्यांनी जमिनी वाटून घेतल्या, वाटेकरी तेच खानदानी झाले आणि मागून आलेले सगळे वाट्याबाहेर. आपल्या कूळ शब्दाचं असंच आहे, कुळाचा अभिमान म्हणताना खानदान आणि कूळकायदा म्हणताना दुसऱ्याचं रान कसणारा.

निवृत्त तलाठी:
कूळकायदा ऐकून आलो. तुम्ही सगळे वर्गांवर बोलताय पण त्या सोलोनने कर्जमाफी केली होती ना, त्याला काय शब्द वापरलाय?

शिळी भाकर:
काका बरं झालं आलात. सेइसाख्थेइया. मी ऋणमुक्ती लिहिलंय. पार्श्वभूमी अशी की गरीब लोक हेक्तेमोरॉय झाले होते, म्हणजे सहाव्या हिश्शाचे लोक. दुसऱ्यासाठी रान कसायचं आणि प्लुटार्क या जुन्या चरित्रकाराच्या म्हणण्याप्रमाणे उत्पन्नाचा सहावा हिस्सा धन्याला द्यायचा. काही जण म्हणतात सहावा ठेवायचा आणि पाच द्यायचे, यावर अजून भांडण चालू आहे. हिस्सा चुकला तर माणूस आणि त्याची पोरं सुद्धा जप्त.

परभणीकर:
सहावा देऊन कुणी पोरं विकायला लागत नाही. आमच्याकडं अर्धेलीने करत्यात, अर्धं देत्यात, तरी कसं का होईना चालतं.

गावठाण:
अगदी हाच आक्षेप अभ्यासकही घेतात. पण त्या जमिनीत एका मापाला किती निघायचं आणि दुष्काळात काय व्हायचं हेही बघायला हवं. आपल्याकडे धर्मशास्त्रात राजाचा कर षड्भाग, तोही सहावाच, पण तो राजाला होता, शेजारच्या जमीनदाराला नव्हे.

निवृत्त तलाठी:
सेइसाख्थेइया या शब्दाची फोड काय?

मात्रावृत्त:
सेइस म्हणजे हलवणं, झटकणं, भूकंपाला सेइस्मोस म्हणतात ते त्यातलंच. आख्थोस म्हणजे ओझं. ओझं झटकून टाकणं.

निवृत्त तलाठी:
मग ऋणमुक्ती कशाला लिहिता? बोजा लिहा, बोजा! जमीन गहाण पडली, सोसायटीचं कर्ज घेतलं, की सात-बाराच्या इतर हक्काच्या रकान्यात बोजा चढतो. फिटलं की बोजा उतरवायचा. तीस वर्षं दुसरं केलं काय मी? शेतकरी आला की पहिलं वाक्य तेच, भाऊसाहेब बोजा कमी करून द्या. ग्रीकात जर ओझंच असेल तर आपला शब्द तयार आहे.

शिळी भाकर:
काका!!! मी दोन आठवडे झाले डोकं फोडतेय यावर.

गावठाण:
आणि बोजा कुठे चढायचा तेही ऐका. सात-बारा नव्हता, रानात दगड असायचे, होरॉय म्हणतात. सोलोनची स्वतःची कविता शिल्लक आहे, त्यात तो काळ्या भूमीलाच साक्षीला बोलावतो, की तिच्या अंगात ठिकठिकाणी रोवलेले होरॉय मी उपटले, आधी ती दासी होती, आता मोकळी आहे. हे दगड गहाणाचेच होते का हद्दीचे यावर वाद आहेत, पण पुढे इ.स.पू. चौथ्या शतकातले खरोखरचे दगड सापडलेत ज्यांच्यावर जमीन कितीला गहाण आहे ती रक्कम कोरलीय. म्हणजे इतर हक्काचा रकाना थेट बांधावर रोवलेला, जाणाऱ्या-येणाऱ्याने वाचावा असा.

त्याच कवितेत पुढे तो म्हणतो की विकली गेलेली कितीतरी माणसं मी अथेन्सला परत आणली, आणि त्यातली काही इतकी भटकलेली होती की त्यांच्या तोंडी अथेन्सची बोलीच राहिली नव्हती.

परभणीकर:
म्हंजे घरी आली आणि बोलता येईना.

गावठाण:
हो.

टाइमपास:
तलाठीकाकांना जाता जाता एक, रागावू नका. जमिनीच्या वाट्याला ग्रीकमध्ये क्लेरोस, मूळ अर्थ चिठ्ठी, भावाभावांत चिठ्ठ्या टाकून वाटणी करतात तेच. तो शब्द चर्चमध्ये शिरला, पाद्री लोकांसाठी वापरला गेला, लिहिता येणारे तेच म्हणून पुढे लिहिणाऱ्याला चिकटला आणि शेवटी इंग्रजीत क्लार्क झाला. म्हणजे क्लार्कच्या पोटात जमिनीचा वाटा आहेच!

निवृत्त तलाठी:
तलाठी आणि क्लार्क यात फरक असतो. बाकी ठीक.

शिळी भाकर:
तर संपादकांना आत्ताच पाठवलं: पाचशेमापी, शिलेदार, औतवाले, आणि चौथ्याला थेतेस तसंच ठेवून पहिल्या वेळी कंसात "नावाने सालगडी, पण यात छोटे शेतकरीही". सेइसाख्थेइयाला बोजाउतरणी. औतवाल्यांच्या २०० मापांपुढे गावठाणांची २६ माणसं टाकलीत म्हणजे कुणाला बिचारे वाटायला नकोत. अर्ध्या तासात उत्तर आलं, सगळं मंजूर, फक्त एक विचारलंय की ज्याच्याकडे एकच बैल आहे तो कुठे बसतो, वाचक विचारतील.

परभणीकर:
सांगा त्यांना, दुसऱ्या बैलाच्या मालकाशेजारी.